चिखलाने माखलेली सायकल आणि बाबांच्या गाडीतल्या बदामी सीटा

प्रश्न थोडक्यात असा. म्हापशाचा एक तरुण दर रविवारी पहाटे हॅचबॅक गाडीत माउंटन बाइक घालून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात जातो. वाळपईच्या पुढच्या कच्च्या रस्त्यांवर तीन-चार तास चालवतो आणि होंडा, साखळी, डिचोली करत दुपारी घरी येतो. गाडी वडिलांची, आतून फिकट बदामी रंगाची. जूनपासून सीटांच्या पाठीवर आणि छताला तांबडे डाग पडलेत, आत कुबट वास सुटलाय आणि सोमवारी तीच गाडी घेऊन बाबांना ऑफिसला जायचं असतं. मागे कॅरियर लावून घ्यावा, की सायकल आतच नीट ठेवायचा काही उपाय आहे?

उपाय आहे. गाडीचा बंदोबस्त घरून निघताना करायचा, परतताना नाही. परतताना तुम्ही दमलेले असता, वर पाऊस चालू असतो, पोटात कावळे ओरडत असतात आणि दोन्ही हात मनगटापर्यंत चिखलात असतात. अशा वेळी डिकी उघडून ‘आता काय अंथरू’ म्हणून शोधाशोध सुरू केलीत की दाराच्या हँडलपासून सीटपर्यंत पाच बोटांचे ठसे उमटलेच म्हणून समजा. शनिवारी रात्री, हात कोरडे असताना, गाडी अशी लावून ठेवायची की रविवारी दुपारी फक्त डिकी वर करायची आणि सायकल आत सरकवायची.

मी फोंड्यात सायकली दुरुस्त करतो आणि स्वतःही चालवतो. पावसाळ्यात दुकानात येणाऱ्या निम्म्या सायकली कुणाच्या ना कुणाच्या गाडीच्या पोटातून बाहेर येतात. त्या उतरवून घेताना सायकलीइतकीच गाडीचीही दशा दिसते. घाण नेमकी कुठे लागते हे त्यामुळे मला तोंडपाठ झालंय: पुढच्या सीटांच्या पाठी, मागची सीट दुमडल्यावर डिकी आणि सीटच्या मध्ये राहणारी फट, छताचं कापड, सीटबेल्टचे पट्टे आणि ड्रायव्हरची सीट. शेवटच्या जागेला सायकल कधीच लागत नाही, तरी सगळ्यात मळलेली तीच असते. त्यावर पुढे येतो.

माझी स्वतःची पहिली फजिती मेव्हण्याच्या गाडीत झाली. नवी गाडी, मी आपला आदल्या दिवसाची वर्तमानपत्रं अंथरून मोकळा. उसगाव यायच्या आत कागदांचा लगदा झाला, वळणावर सायकल कलंडली आणि पुढच्या टायरने छताला तांबडी कमान काढली. घाबरून मी ओल्या फडक्याने ती घासायला लागलो. छताचं कापड पातळ फोमवर गोंदाने चिकटवलेलं असतं हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पाणी आणि रगडणं दोन्ही मिळाल्यावर गोंद सुटला आणि ते कापड तव्यावरच्या पोळीसारखं फुगून खाली आलं. मेव्हणा काही बोलला नाही, बहीण मात्र अजून बोलते. तेव्हा तुमच्या छतावरचे डाग ओल्या फडक्याने घासायला गेला नसाल तर जाऊ नका. त्यांचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

आता चिखलाबद्दल. गोव्यात सगळा चिखल एका जातीचा नाही आणि सगळ्यांना एकच उपाय चालत नाही.

सत्तरीत, सड्यांवर (डोंगरावरच्या सपाट कातळांवर), डोंगरउतारांवर जो लाल चिखल लागतो तो जांभ्याचा. त्याचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे जवळजवळ गंजाचाच. कण इतके बारीक की कापडाच्या विणीत शिरून बसतात. घरासाठी चिरे काढताना तुम्ही पाहिलं असेल, खाणीतून निघालेला जांभा कोवळा असतो, सहज तासता येतो, पण उन्हावाऱ्यात पडला की टणक होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने मलबारात हा दगड पाहून १८०७ साली छापलेल्या पुस्तकात त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिलं ते लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. तुमच्या सायकलीवरचा चिखल त्याच घराण्यातला. ओला असताना लोटाभर पाण्याने निघून जातो आणि घरी पोचेपर्यंत वाळला की खरवडावा लागतो. म्हणून पावसाळ्यात जांभ्याचा चिखल जागेवरच, ओला असतानाच धुवायचा.

उन्हाळ्यात उलट. डिचोली, सावर्डे, कुडचडे या खाणपट्ट्यात किंवा मार्च-एप्रिलमध्ये कुठल्याही कच्च्या रस्त्यावर जी कोरडी तांबडी धूळ बसते, तिच्यावर पाणी ओतलंत की तुम्ही स्वतःच्या हाताने चिखल तयार करता. तिथे नुसता मऊ ब्रश, नाहीतर रंगकाम करणाऱ्यांचा जुना कुंचला. झटकायची आणि मोकळं व्हायचं.

तिसरा चिखल खाजनातला. दिवाडी-चोडण बेटांच्या बांधांवरून ज्यांनी सायकल चालवली आहे त्यांना तो काळा, चिकट, सडक्या अंड्यासारख्या वासाचा राड माहीत असेल. खाजन जमिनी भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली असतात, बांध आणि मानशी (पाण्याची दारं) यांनी खारं पाणी अडवलेलं किंवा आत-बाहेर सोडलेलं असतं. त्यामुळे या चिखलात मीठ असतं. तो सायकलीची चेन आणि स्पोकचे निपल तर खातोच, पण गाडीच्या गालिच्यात झिरपला तर खालच्या पत्र्यालाही सोडत नाही. या चिखलाला गोड्या पाण्याशिवाय इलाज नाही आणि घरी गेल्यावर पुन्हा एकदा धुवावं लागतं. समुद्राच्या ओल्या वाळूचंही तेच, फक्त वाळू पुढची दोन वर्षं एसीच्या जाळीतून बाहेर येत राहते. वाळूत चालवलेली सायकल मी स्वतःच्या गाडीत घेत नाही, इतकंच सांगतो.

तुमचा प्रश्न जांभ्याचा आहे, तर त्याबद्दल बोलू. धुवायला पाणी किती लागतं? लोकांना वाटतं नळ हवा, पाइप हवा. मला पाच लिटरचे दोन कॅन पुरतात, एक सायकलीला आणि एक मला. पहिल्या कॅनच्या बुचाला तापवलेल्या खिळ्याने पाच-सहा भोकं पाडलेली आहेत, कॅन उलटा धरून दाबला की बागेतल्या झारीसारखं पाणी पडतं. वरून खाली यायचं: हँडल, फ्रेम, मग चाकं. टायरच्या खाचांतला चिखल नुसत्या पाण्याने निघत नाही. नारळाची शेंडी घट्ट मुठीत धरायची, चाक हवेत फिरवायचं आणि शेंडी टायरला लावून ठेवायची. चार फेऱ्यांत खाचा मोकळ्या होतात. फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि टायर यांच्यामध्ये, तसंच मागच्या चाकाजवळ बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलं फिरतात त्या सांध्याच्या, मागे चिखलाचा गोळा बसतो, तो बांबूच्या चपट्या कामट्याने काढायचा, स्क्रू-ड्रायव्हरने नाही, फ्रेमचा रंग जातो. हे गोळे हलके समजू नका. एकदा कुतूहल म्हणून एका सायकलीचे काढून वजनकाट्यावर टाकले तर सव्वा किलो भरले. तेवढी माती एरवी तुमच्या डिकीत गेली असती.

धुऊन झालं की सायकल हँडल आणि सीट धरून वीतभर उचलायची आणि दोन्ही चाकांवर सोडायची. तीन-चारदा. टायर उसळतो आणि अडकलेलं पाणी आपोआप झडतं. कुत्रं अंग झाडतं तसं. मग जुन्या बनियनने फ्रेम पुसून घ्यायची. डिस्क ब्रेकच्या रोटरला, म्हणजे चाकावरच्या धातूच्या तबकडीला, ते फडकं लावू नका, विशेषतः त्याच फडक्याने आधी चेन पुसली असेल तर. तेलाचा हात लागला की ब्रेक ओरडायला लागतो, धरत नाही, आणि मग माझ्यासारख्याकडे यावं लागतं.

दोन गोष्टी करू नका. पहिली, झरीवर किंवा देवळाच्या तळीवर सायकल धुऊ नका. सत्तरीत अजून बऱ्याच वाड्यांचं पाणी झरीचं आहे, आणि चेनचं तेल पाण्यावर किती पसरतं ते तुम्ही पाहिलंच असेल. दुसरी गोष्ट आमच्या कुळागरवाल्यांसाठी, म्हणजे सुपारीच्या बागा असलेल्यांसाठी. पाठीवरचा फवारणी पंप सायकल धुवायला छान दिसतो, पण सुपारीला कोळेरोग लागू नये म्हणून त्याच पंपाने बोर्डो मिश्रण मारलेलं असतं. त्यात मोरचूद असतो. टाकीत तळाशी राहिलेलं ते निळं पाणी ॲल्युमिनियम आणि लोखंड दोन्हींना वाईट. आमच्याच गावातल्या एकाने चेन हिरवी करून आणली होती. सायकल धुवायला पंप हवाच असेल तर दोन लिटरचा हातपंप वेगळा ठेवा, झाडांना पाणी शिंपडायचा असतो तो.

गाड्या धुणाऱ्यांकडच्या प्रेशर गनचा मोह होतो. वाटेत थांबून टायर आणि फ्रेमवर लांबून मारून घ्यायला हरकत नाही. पण हब (चाकाचा मधला तुंबा), हेडसेट (हँडल फिरतं तो सांधा), बॉटम ब्रॅकेट आणि सस्पेन्शनच्या रबरी सीलवर तो झोत सरळ गेला की आतलं ग्रीस बाहेर आणि पाणी आत. चिखलाने सायकल मरत नाही, अशा धुण्याने मरते.

आता गाडीच्या आत. यात दोन वेगळी कामं आहेत आणि लोक एकाच वस्तूकडून दोन्ही करून घ्यायला जातात, तिथे चुकतात. एक काम पाणी अडवायचं, दुसरं पाणी शोषायचं. प्लास्टिक अडवतं पण शोषत नाही. त्यावरचं पाणी पहिल्या वळणाला डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे धावतं आणि कडेवरून उतरून नेमकं गालिच्यात जातं. चादर शोषते पण अडवत नाही. म्हणून खाली ताडपत्री आणि वर गोणपाट.

ताडपत्री आपल्याकडे मे महिन्यात प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानासमोर ढिगाने असते, सहा बाय नऊ फुटांची एक घ्या. तुमच्या घरी पावसाळ्यापूर्वी पडवी झाकून उरलेला तुकडा असेलच, तोही चालतो, भोकं नसतील तर. ती चटईसारखी सपाट अंथरायची नाही. द्रोणासारखी चारी बाजूंनी वर उचलायची. पुढच्या कडा पुढच्या सीटांच्या हेडरेस्टच्या दांड्यांना बांधायच्या, त्यामुळे सीटांच्या पाठी आपोआप झाकल्या जातात. बाजूच्या कडा खिडक्यांच्या वरच्या हँडलांना सुतळीने किंवा कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी अडकवायच्या. मागची कडा मोकळी आणि लांब ठेवायची. सायकल आत घेताना ती बंपरवरून खाली सोडायची, म्हणजे बंपरला ओरखडे जात नाहीत, आणि शेवटी डिकी लावण्याआधी ती आत दुमडायची, पाकिटाच्या झाकणासारखी. गालिचाची शिवण किंवा रबरी बीडिंग कुठेही उघडं दिसता कामा नये.

ताडपत्रीच्या आधी एक पुठ्ठा. फ्रिजचा किंवा टीव्हीचा खोका मिळाला तर उत्तम. मागची सीट दुमडल्यावर जी फट राहते त्यावर तो टाकायचा. त्याने फट बंद होते, आणि ताडपत्री त्या खड्ड्यात खेचली जाऊन फाटत नाही. या फटीत एकदा गेलेली माती व्हॅक्यूमने निघत नाही, मी दुकानातला मोठा व्हॅक्यूम लावून पाहिलाय.

गोणपाट तांदळाच्या जुन्या पोत्याचं, ज्यूटचं. नायलॉनचं खताचं पोतं नको, ते पाणी पीत नाही. दोन पोती उसवून पसरली की पुरतात. गोणपाट नसेल तर जुनी सुती चादर चौपदरी करून.

डिकीत बसणारा तयार रबरी ट्रे बाजारात मिळतो, त्याच्या कडा दोन-तीन इंच उंच असतात. किराणा आणि मासळीसाठी तो फार चांगला. सायकलीसाठी अपुरा, कारण सायकल डिकीत मावतच नाही, ती सीटांवर येते, आणि तिथे ट्रे नसतो. तो असेल तर काढू नका, त्याच्यावरच ताडपत्री घाला. फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

सायकल आत घालायची पद्धत. मागचा गिअर सगळ्यात लहान दात्यावर आणा, म्हणजे चेन सैल पडते. पुढचं चाक काढा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्या काढल्या कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेकच्या चिमट्यात, पॅडच्या मधे प्लास्टिकचा तुकडा किंवा जाड पुठ्ठ्याची घडी सरकवा. हँडलची ब्रेकची कांडी चुकून दाबली गेली तर पॅड एकमेकांना चिकटतात, मग घरी चाक बसत नाही आणि माणूस रात्री फोन करतो. थ्रू-ॲक्सल, म्हणजे चाकाच्या आरपार जाणारा दांडा, पुन्हा फोर्कमध्ये घालून ठेवा, नाहीतर तो गवतात राहतो. दर पावसाळ्यात एकजण तरी तो हरवून येतो.

आत आधी काय जावं यावर दोन मतं आहेत. बरेच लोक मागचं चाक आधी घालतात. मी उलट करतो. फोर्क आणि हँडल आधी आत, पुढच्या सीटांच्या मागे, आणि मागचं चाक डिकीच्या तोंडाशी. कारण साधं आहे: सगळ्यात जास्त चिखल मागच्या चाकाला आणि चेनला असतो आणि तो भाग जितका कमी आत सरकेल तितकं बरं. शिवाय हल्लीची हँडलं पाऊण मीटरहून रुंद असतात, ती चाकांच्या कमानींमध्ये अडकतात, सीटांच्या मागे मोकळी बसतात. सायकल आडवी, चेनची बाजू वर. चेन खाली आली तर डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) वाकतो आणि गोणपाटावर काळ्या तेलाची रांगोळी उठते ती वेगळीच. खालच्या बाजूचं पेडल ताडपत्रीला भोक पाडतं, त्याला जुनी हवाई चप्पल बांधा किंवा पेडलच काढून टाका. काढताना एवढं लक्षात ठेवा की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. जोर लावून लावून क्रँक खराब केलेले महाभाग मी पाहिलेत.

गाडीत मागची सीट सपाट होत नसेल किंवा लांबी कमी पडत असेल तर दोन्ही चाकं काढा. काढलेली चाकं उघडी ठेवायची नाहीत. सर्वांत चांगली वस्तू म्हणजे गादीची जुनी खोळ. एका खोळीत दोन्ही चाकं मावतात, किंवा सायकलीचा मागचा अर्धा भाग. खोळ नसेल तर लुगड्याचं गाठोडं. मी काळ्या कचऱ्याच्या पिशव्याही वापरून पाहिल्या, स्पोकला लागून फाटतात.

छताला टायर टेकत असेल तर त्या चाकातली हवा काढून पाहू नका, चाकच काढा. माझा अनुभव सांगितलाच.

मग सायकल बांधा. हा स्वच्छतेचा प्रश्न नाही, पण राहवत नाही म्हणून लिहितो. तेरा-चौदा किलोची वस्तू तुमच्या डोक्यामागे मोकळी आहे आणि साखळीच्या बाजारात समोर गाय आली. करकचून ब्रेक मारलात तर तुम्हाला बेल्ट थांबवेल, सायकलीला कोण थांबवेल? लहान मुलांच्या सीटसाठी मागे लोखंडी कड्या दिलेल्या असतात, त्यांतून एक पट्टा फ्रेमवरून घ्या. मागच्या सीटबेल्टनेही काम होतं, पण तो पट्टा आधी फडक्यात गुंडाळा, नाहीतर सोमवारी मागे बसणाऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर तांबडं जानवं उमटेल.

आता तो सगळ्यात मळलेला भाग, म्हणजे ड्रायव्हरची सीट. सायकल धुतली, द्रोण केला, खोळ घातली आणि मग चिखलाने भिजलेली हाफपँट घेऊन तुम्ही स्वतः त्या बदामी सीटवर बसलात. तुमच्या गाडीतला निम्मा चिखल तुम्ही आणलेला आहे, सायकलीने नाही. माझ्या बहिणीचं घर माशेलला आहे. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला होतो, थोरली माणसंसुद्धा मैदानात लोळतात. तिची पोरं तिथून घरी येतात तेव्हा उंबरठ्याच्या आत यायची छाती कुणाची होत नाही. आधी विहिरीवर, मग पंचा, मग घर. गाडीलाही उंबरठा आहे असं समजा.

दुसरा कॅन त्यासाठीच. डिकीचं वर उघडलेलं दार म्हणजे पावसात आयतं छप्पर, त्याखाली उभं राहा. एक घमेलं जवळ ठेवा. बूट, मोजे, ग्लव्ह, हेल्मेट, गुडघ्यांची पॅडं सगळं त्या घमेल्यात. घमेलं सायकलीच्या बाजूला द्रोणातच. पाय धुवायचे, पंचा गुंडाळून कपडे बदलायचे, ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, पायात स्वच्छ चप्पल. चिखलाचे बूट घालून गाडी चालवू नका, तळवा क्लचवरून सटकतो. गाडीची किल्ली आणि मोबाइल सकाळीच वेगळ्या कोरड्या पाकिटात ठेवा. हात धुवायच्या आधी किल्ली शोधायला लागलात तर सगळं मुसळ केरात.

आणि कपडे बदलताना पोटऱ्या, बोटांच्या बेचक्या बघून घ्या. सत्तरीतल्या म्हादईच्या रानात जळवा असतात. मी एकदा एक घरापर्यंत आणली होती, तिने सीटवर जो डाग पाडला तो जांभ्याचा नव्हता.

तरीही ड्रायव्हरच्या सीटवर एक जाड टॉवेल हवाच. कपडे बदलले तरी केस ओले असतात, पाठ ओली असते.

परतीच्या वाटेवर काचांवर वाफ धरते. ओली सायकल, ओली ताडपत्री, ओला माणूस, सगळ्या खिडक्या बंद. उसगाव किंवा अस्नोड्याच्या वळणांवर समोरचा ट्रक धूसर दिसायला लागतो आणि माणूस हाताने काच पुसतो. एसी चालू ठेवा, गार वाटलं तरी, आणि आतलीच हवा फिरवायचं बटन बंद करा, बाहेरची हवा आत येऊ द्या. एसी हवेतलं पाणी काढून घेतो. काचही निवळते आणि तुमच्या त्या कुबट वासाचं अर्धं कारणही जातं.

घरी आल्यावर सायकल रात्रभर गाडीत ठेवू नका. हे जमलं नाही तर वरचं सगळं केलेलं वाया जाईल. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या हवेत बंद गाडीतली ओल स्वतःहून जात नाही, बुरशी धरते. तुमच्या गाडीत आता जो वास आहे तो चिखलाचा नाही, गालिच्याखालच्या नमद्याचा आहे. गालिचा वरून हाताला कोरडा लागतो, पण खालचा जाड नमदा आठवडाभर पाणी धरून असतो. डिकीचा गालिचा उचलून बघा. ओला असेल तर बाहेर काढा, घरात पंख्याखाली दोन दिवस ठेवा, खालचा पत्रा पुसून घ्या. त्याशिवाय कितीही अत्तरं लटकवलीत तरी उपयोग नाही. सीटांखाली विजेच्या तारांचे जोड असतात, पाणी तिथपर्यंत गेलं असेल तर मेकॅनिकला दाखवा.

सायकल काढताना द्रोण चारी बाजूंनी गोळा करून, गाठोड्यासारखा उचलून बाहेर आणायचा आणि अंगणात उलटा करायचा. आत झटकायचा नाही. ताडपत्री दोरीवर, गोणपाट वेगळं. खोळीतली चाकं लगेच बाहेर काढायची, आणि चेनला पुसून तेलाचे थेंब.

पडलेल्या डागांबद्दल. सीटवरचा लाल डाग ओला असताना चोळलात तर तो आत जातो. पूर्ण वाळू द्या. मग मऊ ब्रशने झटका, व्हॅक्यूम करा. सत्तर टक्के इथेच जातं. उरलेल्याला भांड्यांचं लिक्विड साबण कोमट पाण्यात थोडंसं, स्वच्छ पांढऱ्या फडक्याने टिपायचं, रगडायचं नाही, कडेकडून मध्याकडे. तरी तांबूस छटा राहिली तर ती लोहाची, तिला आंबट लागतं. लिंबाचा रस पाण्यात निम्मा करून किंवा लिंबूसत्त्वाचं सौम्य पाणी, दहा मिनिटं, मग साध्या पाण्याने टिपून काढायचं. आधी सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा, रंग उडत नाही ना म्हणून. ब्लीच अजिबात नको. ते लोहाचा डाग काढत नाही, कापडाचा रंग मात्र काढतं. चेनच्या काळ्या डागावर टाल्कम पावडर दाबून तासभर ठेवायची, झटकायची, मग तेच लिक्विड साबण. रॉकेलचा सल्ला कुणीतरी देईलच, ऐकू नका. वास महिनाभर जात नाही आणि बंद गाडीत रॉकेल हा काही उपाय नव्हे. छतावर मात्र फक्त कोरडा मऊ ब्रश आणि कोरडा स्पंज. जेवढं निघेल तेवढं. बाकीचं राहू दे, फोम सुटण्यापेक्षा डाग परवडला.

कॅरियरचं विचारलंत. एकट्यासाठी, एका सायकलीला, आठवड्यातून एकदा, मी घेणार नाही. मागे पट्ट्यांनी अडकवायचा कॅरियर बराच स्वस्त असतो, पण त्याने नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले गेले तर पोलीस अडवणारच, आणि त्यांचं बरोबर असतं. रबरी गाद्या आणि गाडीचा रंग यांच्यामध्ये जांभ्याची एक चिमूट अडकली की म्हापशापर्यंत ती पॉलिशपेपरचं काम करते. दोन्ही बाजू दरवेळी पुसून घ्याव्या लागतात आणि दमलेला माणूस ते करत नाही. तुमच्या डिकीवर प्लास्टिकचा स्पॉइलर असेल तर हुकांचा भार त्यावर येत नाही ना हे आधी बघा. भर पावसात मागे लावलेली सायकल चाकांनी उडवलेलं सगळं पाणी हबमध्ये घेत घरी येते, तो खर्च वेगळा. छतावरचा कॅरियर सायकलीसाठी जास्त चांगला, पण बऱ्याच हॅचबॅकच्या छतावरच्या पट्ट्या नुसत्या शोभेच्या असतात, गाडीच्या पुस्तिकेत छतावर किती वजन चालतं ते वाचल्याशिवाय घेऊ नका. आणि घेतलाच तर घराच्या पोर्चची उंची मोजा. माझ्या एका गिऱ्हाइकाने वर सायकल आहे हे विसरून गाडी थेट पोर्चमध्ये घातली होती. सायकलीचा फोर्क गेला, पोर्चची दोन कौलं गेली, गाडीच्या आत मात्र चिखलाचा एक थेंब नव्हता.

दोघे-तिघे मिळून जाणार असाल तर गोष्ट वेगळी, तेव्हा कॅरियरशिवाय भागत नाही. एकटे असाल तर ताडपत्री, दोन गोणपाटं, पुठ्ठा, घमेलं, दोन कॅन. बहुतेक सगळं घरातच सापडेल. घमेलं मात्र आईला विचारून घ्या.